ड्रममध्ये घातले ते गेले कुठे? चामडे आणि पादत्राणांचा पर्यावरणीय जमाखर्च

मीठ लावून ठेवलेल्या १,००० किलो कच्च्या कातड्यापासून शेवटी जेमतेम २०० ते २५० किलो तयार चामडे हाती लागते. त्यासाठी काही शे किलो रसायने खर्च होतात आणि कारखाना किती काटेकोर आहे त्यानुसार साधारण १५ ते ४० हजार लिटर पाणी वापरले जाते. आत गेलेल्या वजनाचा थोडाच भाग चामडे होऊन बाहेर पडतो. उरलेले सांडपाणी, गाळ, वायू, भुसा आणि कातरण होऊन जाते. या उद्योगाचे प्रदूषण कमी कसे करावे यावर बोलताना चर्चा बहुधा ‘नैसर्गिक चांगले, रासायनिक वाईट’ या वाटेने जाते. त्यापेक्षा साधा जमाखर्च मांडला तर गोष्टी अधिक स्पष्ट दिसतात. प्रत्येक टप्प्यावर एवढेच विचारायचे की ड्रममध्ये, म्हणजे कातडी रसायनांसह फिरवण्याच्या मोठ्या पिंपात, जे घातले त्यातले किती कातड्यात मुरले, किती पाण्यात राहिले आणि पाण्यात राहिलेले परत मिळवता येते का.

मराठीत कातडे आणि चामडे हे शब्द पुष्कळदा एकमेकांच्या जागी वापरले जातात. या लेखात कातडे म्हणजे जनावराच्या अंगावरून काढलेली कच्ची त्वचा आणि चामडे म्हणजे ती कमावल्यावर तयार होणारा, न कुजणारा पदार्थ, असा फरक धरला आहे. कातड्याचा मुख्य घटक कोलॅजेन नावाचे प्रथिन असून त्याचे तंतू पीळ दिलेल्या दोरासारखे असतात. ओल्या अवस्थेत ठेवले तर काही तासांत जीवाणू त्यांना लागतात. वाळवले तर ते एकमेकांना चिकटून कडक होतात. आणि ओले असताना साधारण ६० ते ६५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवले तर आक्रसून जातात. कातडे कमावणे म्हणजे या तंतूंना एकमेकांशी असे बांधून टाकणे, की जीवाणूंना ते पचू नयेत, वाळल्यावरही ते लवचीक राहावेत आणि अधिक उष्णतेला टिकावेत. हे बांधण्याचे काम क्रोमियमचे क्षार करतात किंवा झाडांच्या सालींतील टॅनिन करते, आणि बहुतेक वाद याच निवडीवरून होतो. मात्र बांधण्याआधी केस, चरबी, मांसाचे अवशेष आणि कोलॅजेनखेरीजची प्रथिने काढून टाकावी लागतात, आणि सांडपाण्यातील सेंद्रिय प्रदूषणाचा मोठा भाग या काढून टाकण्याच्या कामातच तयार होतो.

मीठ: दुर्लक्षित आरोपी

या उद्योगातील प्रदूषण म्हटले की क्रोमियमचे नाव आधी निघते. माझ्या मते मिठाचे नाव निदान त्याच्या बरोबरीने घेतले पाहिजे, कारण क्रोमियम पाण्यातून काढता येते आणि मीठ जवळजवळ काढता येत नाही.

जनावराचे कातडे उतरवल्यापासून ते टॅनरीत, म्हणजे कातडे कमावण्याच्या कारखान्यात, पोहोचेपर्यंत काही दिवस, कधी काही महिने जातात. तोवर ते कुजू नये म्हणून त्याच्या वजनाच्या सुमारे ४० टक्के मीठ त्यावर पसरतात. टॅनरीत आल्यावर पहिले काम असते ते हे मीठ धुऊन टाकण्याचे, आणि त्या धुण्यात सगळे मीठ पाण्यात उतरते. पुढे कमावण्यापूर्वी कातडे आम्लात बुडवावे लागते. नुसत्या आम्लात ते फुगून खराब होते, म्हणून तेथे पुन्हा मीठ घालतात. या दोन्ही ठिकाणचे मीठ चामड्याचा भाग होत नाही. ते येते, आपले तात्पुरते काम करते आणि जसेच्या तसे गटारात जाते. जमाखर्चाच्या भाषेत सांगायचे तर जमेच्या बाजूला शून्य आणि खर्चाच्या बाजूला सर्व.

सांडपाणी शुद्ध करण्याच्या नेहमीच्या पद्धती मिठापुढे हतबल ठरतात. सेंद्रिय घाण जीवाणू खाऊन टाकतात, जड धातू चुन्याने किंवा मॅग्नेशियम ऑक्साइडने खाली बसवता येतात, पण मीठ खाणारा जीवाणू नाही आणि त्याला खाली बसवणारे सोयीचे रसायनही नाही. असे पाणी शेतात किंवा विहिरींत मुरले तर जमीन खारवते आणि ती पूर्ववत व्हायला फार काळ लागतो. तमिळनाडूतील वेल्लोर आणि राणीपेट परिसरातील टॅनऱ्यांमुळे पालार नदीच्या खोऱ्यात हे घडले. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली दिलेला निकाल भारतीय पर्यावरण कायद्यातील एक टप्पा मानला जातो, कारण प्रदूषण करणाऱ्याने भरपाई करावी आणि शंका असेल तेथे आधीच खबरदारी घ्यावी ही दोन्ही तत्त्वे देशाच्या कायद्याचा भाग असल्याचे न्यायालयाने त्यात स्पष्ट केले. पुढे या भागातील सामायिक सांडपाणी केंद्रांनी रिव्हर्स ऑस्मोसिसने पाणी गाळून घेण्याचा आणि उरलेला खारट द्राव आटवण्याचा मार्ग धरला. पाणी त्यामुळे पुन्हा वापरात येते. परंतु आटवायला भरपूर ऊर्जा लागते आणि शेवटी उरणारे मीठ अनेक क्षारांचे मिश्रण असल्यामुळे त्याला गिऱ्हाईक मिळत नाही. ते झाकून साठवून ठेवावे लागते. पाण्यातला प्रश्न असा जमिनीवर येऊन बसतो.

म्हणून मिठाचा खरा उपाय सांडपाण्याच्या टोकाला शोधून सापडत नाही. तो सुरुवातीला, कत्तलखान्याच्या दाराशी करावा लागतो. कातडे उतरवल्यावर काही तासांत टॅनरीत नेता आले तर मिठाची गरजच उरत नाही. ते शक्य नसेल तर कातडे शून्याच्या जरा वर थंड ठेवून काही दिवस टिकवता येते. तेही जमत नसेल तर मीठ कमी करून जोडीला सौम्य जीवाणूरोधक वापरता येतो. आणि यातले काहीच करायचे नसले तरी भिजवण्यापूर्वी कातडे कोरडेच झटकून किंवा जाळीच्या पिंपात फिरवून वरवरचे सुटे मीठ गोळा करणे कोणालाही शक्य आहे. या शेवटच्या उपायाला ना नवे रसायन लागते, ना परवाना. तरीही तो अनेक ठिकाणी केला जात नाही, कारण मीठ स्वस्त असते आणि सांडपाण्याचा खर्च दुसऱ्याच कोणाच्या वहीत मांडला जातो.

केस जाळायचे की वाचवायचे

भिजवून स्वच्छ केलेले कातडे चुना आणि सोडियम सल्फाइड यांच्या द्रावात टाकतात. केसांचे प्रथिन केराटिन असते आणि त्याची मजबुती गंधकाच्या जोडबंधांत असते. सल्फाइड हे बंध तोडते आणि केसांचा लगदा होतो. या नेहमीच्या पद्धतीला धंद्यात ‘केस जाळणे’ म्हणतात. त्यात आग कुठेच नसते. सोय मोठी, पण विरघळलेला सगळा केस पाण्यात मिसळतो आणि टॅनरीच्या सांडपाण्यातील सेंद्रिय भार आणि नायट्रोजन यांचा मोठा वाटा एकट्या या टप्प्यातून येतो.

पर्याय आहे तो केस विरघळवण्याऐवजी मुळातून सोडवण्याचा. त्यातील युक्ती अशी की सल्फाइड घालण्याआधी कातडे काही वेळ नुसत्या चुन्यात ठेवायचे. त्वचेच्या बाहेर आलेल्या केसाच्या दांड्यातील बंध अल्कलीमुळे बदलतात आणि त्यावर सल्फाइडचा फारसा परिणाम होत नाही. त्वचेच्या आत दडलेले कोवळे मूळ मात्र तसेच राहते. मग थोडे सल्फाइड घातले की मूळ विरघळते आणि केस अखंड सुटून येतो. तो जाळीवर गाळून घेतला की सांडपाण्याचा भार बराच उतरतो आणि वेगळ्या काढलेल्या केसांचे खत करता येते. प्रथिने तोडणारी एन्झाइम वापरून सल्फाइड आणखी कमी करता येते, क्वचित पूर्ण टाळताही येते. मात्र एन्झाइमला केसाचे मूळ आणि चामड्याचा वरचा नाजूक थर यांतला फरक नीट कळत नाही, त्यामुळे वेळ आणि तापमान यांवर लक्ष ठेवावे लागते.

एन्झाइमचा वापर या धंद्याला नवा नाही. चुना काढल्यावर कातडे मऊ करण्यासाठी पूर्वी कुत्र्याची विष्ठा किंवा कबुतरांची शीट वापरत असत, आणि त्यांत काम करत असत ती एन्झाइमच. जर्मन रसायनशास्त्रज्ञ ओटो रोम यांनी १९०७ च्या सुमारास जनावरांच्या स्वादुपिंडातील एन्झाइम त्या जागी आणली आणि जगभरातल्या टॅनऱ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला असावा.

सल्फाइडचा दुसरा धोका पर्यावरणापेक्षा माणसांना अधिक आहे. सल्फाइड असलेले पाणी पुढच्या टप्प्यातील आम्लाच्या पाण्यात मिसळले की हायड्रोजन सल्फाइड वायू सुटतो. कमी प्रमाणात त्याला कुजक्या अंड्याचा वास येतो. प्रमाण वाढले की वास घेण्याची शक्तीच बधिर होते आणि माणूस सावध होण्याआधी कोसळतो. टॅनऱ्यांच्या टाक्या आणि गटारे साफ करायला उतरलेल्या कामगारांचे अनेक देशांत असेच मृत्यू झाले आहेत, आणि वाचवायला उतरलेल्यांचेही. यावरचा उपाय प्लंबिंगचा आहे: दोन्ही पाण्यांचे नळ वेगळे ठेवायचे आणि सल्फाइडच्या पाण्यात मँगनीज क्षाराच्या सान्निध्यात हवा सोडून सल्फाइड निकामी केल्यावरच ते पुढे जाऊ द्यायचे. नंतर चुना काढण्यासाठी अमोनियम क्षारांऐवजी कार्बन डायऑक्साइड वापरला तर सांडपाण्यात जाणारा नायट्रोजन आणखी घटतो.

क्रोमियम

जगातील चामड्यापैकी साधारण ८० टक्के चामडे क्रोमियमने कमावले जाते. फ्रीडरिश क्नाप यांनी १८५८ मध्ये क्रोमियम क्षारांचा हा गुण नोंदवला, ऑगस्टस शुल्ट्झ यांनी १८८४ मध्ये अमेरिकेत दोन टप्प्यांच्या पद्धतीचे पेटंट घेतले आणि १८९३ मध्ये मार्टिन डेनिस यांनी ती एकाच द्रावात आणली. झाडांच्या सालीत आठवडे, कधी महिने मुरवत ठेवावे लागणारे काम त्यामुळे एका दिवसात होऊ लागले. शिवाय हे चामडे पातळ, मऊ असते आणि उकळत्या पाण्याजवळच्या तापमानालाही आक्रसत नाही. बूट साच्यावर ताणताना आणि गरम तळवा चिकटवताना ही उष्णता सोसण्याची ताकद फार उपयोगी पडते, आणि पादत्राणांचे कारखाने क्रोमियम सोडायला नाखूश असतात त्याचे एक कारण हेच.

क्रोमियमच्या बाबतीत सर्वाधिक गोंधळ त्याच्या दोन रूपांमुळे होतो. कमावण्यासाठी वापरतात ते तीन संयुजेचे क्रोमियम. ते तुलनेने कमी घातक आहे. सहा संयुजेचे क्रोमियम पाण्यात सहज विरघळते, पेशींत शिरते आणि श्वासावाटे गेल्यास कर्करोगाचे कारण ठरते. क्रोमियमचा क्षार बनवताना खनिजापासून आधी सहा संयुजेचे रूप तयार होते आणि नंतर त्याचे तीन संयुजेत रूपांतर करतात. त्यामुळे सर्वांत धोकादायक काम टॅनरीत न होता रसायनांच्या कारखान्यात होते. पण गोष्ट तेथे संपत नाही. चामड्यात घातलेली काही असंतृप्त तेले हवेत जुनी होत जातात, आणि उष्णता, सूर्यप्रकाश किंवा अल्कली यांची साथ मिळाली की चामड्यातीलच थोड्या क्रोमियमचे सहा संयुजेच्या रूपात परिवर्तन होऊ शकते. अशा पादत्राणांमुळे त्वचेला तीव्र ॲलर्जी होऊ शकते. म्हणून युरोपीय संघाने मे २०१५ पासून त्वचेला लागणाऱ्या चामड्याच्या वस्तूंत सहा संयुजेच्या क्रोमियमची मर्यादा दर किलोमागे ३ मिलिग्रॅम अशी ठरवली आहे. ती पाळण्याचा मार्ग फार अवघड नाही: योग्य तेले निवडायची, शेवटी आम्लता नीट राखायची आणि क्रोम-चामड्याला पुन्हा थोडे वनस्पती टॅनिन द्यायचे. टॅनिन ऑक्सिडीकरण रोखते. एकमेकांचे प्रतिस्पर्धी म्हणून ज्यांची चर्चा होते, ते क्रोमियम आणि साल येथे एकाच चामड्यात सहकारी असतात.

आता जमाखर्च. नेहमीच्या पद्धतीत ड्रममध्ये घातलेल्या क्रोमियमपैकी ६० ते ७० टक्के कातड्यात बसते. उरलेले हिरवट-निळ्या पाण्याबरोबर बाहेर जाते. एखाद्या कारखान्याने महागड्या कच्च्या मालाचा तिसरा हिस्सा रोज ओतून द्यावा हे धंद्याच्या दृष्टीनेही विचित्र आहे. पाणी कमी घेतले, शेवटी तापमान आणि आम्लता हळूहळू योग्य पातळीवर आणली, ड्रम जास्त वेळ फिरवला आणि क्रोमियमला कोलॅजेनवर अधिक जागा मिळवून देणारी सेंद्रिय आम्ले वापरली, तर हे प्रमाण ९० टक्क्यांच्या वर नेता येते. चेन्नईच्या सेंट्रल लेदर रिसर्च इन्स्टिट्यूटने, म्हणजे १९४८ साली स्थापन झालेल्या भारताच्या चर्मसंशोधन संस्थेने, पाणी न घालता क्रोमियम देण्याची पद्धत विकसित केली आहे. तीत आम्ल आणि मिठाचा वेगळा टप्पाच गळतो, त्यामुळे क्रोमियम आणि मीठ या दोन्हींचा खर्च एकदम खाली येतो. या सुधारणा मला विशेष महत्त्वाच्या वाटतात, कारण त्या प्रदूषण झाल्यावर ते साफ करत नाहीत. ते होऊच देत नाहीत.

तरीही जे पाण्यात उरते ते परत मिळवता येते. उरलेल्या द्रावात मॅग्नेशियम ऑक्साइड घातले की क्रोमियमचा हायड्रॉक्साइड खाली बसतो. तो गाळून सल्फ्युरिक आम्लात विरघळवला की पुन्हा कमावण्यायोग्य क्रोमियम हाती येते. अट एकच, हे पाणी इतर पाण्यात मिसळण्यापूर्वी वेगळे काढले पाहिजे. एकदा ते चुना, केस आणि चरबीच्या पाण्यात गेले की क्रोमियम गाळात अडकते आणि मग तो सगळाच गाळ धोकादायक कचरा ठरतो. लहान टॅनऱ्यांना स्वतःची अशी यंत्रणा परवडत नाही. इटलीतील तोस्काना प्रांतात सांता क्रोचे परिसरातील टॅनऱ्यांनी यासाठी सामायिक केंद्र उभारले आहे. वापरलेला क्रोम-द्राव तेथे जातो आणि परत मिळवलेले क्रोमियम टॅनऱ्यांकडे येते. याउलट बांगलादेशात ढाक्याच्या हजारीबाग भागातील टॅनऱ्या २०१७ मध्ये सावर येथे हलवल्या गेल्या, तेव्हा तेथील सामायिक शुद्धीकरण केंद्राचे काम पूर्ण झालेले नव्हते. टॅनऱ्यांबरोबर प्रदूषणानेही आपला पत्ता बदलला आणि बुडीगंगेऐवजी धलेश्वरी नदीच्या काठी बिऱ्हाड केले.

घन कचऱ्याचा हिशेब वेगळा आहे. क्रोमियम दिल्यावर निळसर झालेले चामडे एकसारख्या जाडीचे करण्यासाठी तासतात आणि त्याचा ढीगभर भुसा निघतो. या भुशात महागडे क्रोमियमही असते आणि चांगले प्रथिनही, पण एकत्र असल्यामुळे दोन्ही वाया जातात. जाडी आधीच, चुन्यातून काढल्यावर, नीट ठरवून घेतली तर भुसा बराच घटतो. तरी जो निघतो त्याचा चिकटवून पुठ्ठ्यासारखा चर्मफलक करता येतो, जो टाचेच्या आधारासाठी आणि आतल्या तळव्यासाठी चालतो.

साल चांगली, पण बिनखर्चाची नव्हे

बाभूळ, हिरडा, चेस्टनट, केब्राचो, मिमोसा अशा झाडांच्या साली, फळे किंवा लाकूड यांतील टॅनिनने कमावलेले चामडे जाड, भरदार आणि कडक असते. तळवे, पट्टे आणि खोगिरे यांसाठी ते उत्तम. त्यात जड धातू नसतो, आणि आयुष्य संपल्यावर त्याची विल्हेवाट लावणे सोपे जाते, हा त्याचा निर्विवाद गुण.

दुसरी बाजूही पाहायला हवी. क्रोमियमच्या तुलनेत टॅनिन कितीतरी अधिक वजनाने घालावे लागते आणि न मुरलेला भाग गडद तपकिरी पाणी होऊन बाहेर येतो. त्यातील फिनॉल वर्गाची संयुगे जीवाणूंना सहज पचत नाहीत, कारण टॅनिनचा उपयोगच मुळी जीवाणूंना न पचणे हा आहे. शिवाय हे टॅनिन कुठून तरी यावे लागते. दक्षिण अमेरिकेतील चाको प्रदेशात केब्राचोची सावकाश वाढणारी जंगले एकेकाळी टॅनिनसाठी मोठ्या प्रमाणावर तोडली गेली. दक्षिण आफ्रिकेत सालीसाठी लावलेली ऑस्ट्रेलियन मिमोसा बागांबाहेर पसरून नद्यांच्या काठची स्थानिक झाडी गिळत गेली. आज टॅनिन मुख्यतः लागवडीतून येते हे खरे, परंतु जगातील सगळे चामडे सालीवर न्यायचे म्हटले तर तेवढी जमीन कुठून आणायची हा प्रश्न उभा राहतो. धातूविरहित आणखी पर्यायही आहेत. ग्लुटराल्डिहाइडने कमावलेले पांढरे चामडे मोटारींच्या आसनांसाठी वापरात आहे, मात्र न मुरलेले ग्लुटराल्डिहाइड जलचरांना विषारी असते. ऑलिव्हच्या छाटणीत वाया जाणाऱ्या पानांच्या अर्कानेही कमावता येते, आणि कचऱ्यातून माल मिळवणारी ही कल्पना मला आवडते. तेव्हा एखाद्या पेटीवर ‘क्रोमविरहित’ लिहिलेले असेल तर त्याचा अर्थ एवढाच की त्यात क्रोमियम नाही. त्याऐवजी काय घातले आणि ते कुठे गेले, हे त्या शब्दातून कळत नाही.

मग चामडेच नको?

जनावरे मुख्यतः मांस आणि दूध यांसाठी पाळली जातात. कातडे हे उपउत्पादन, आणि जनावराच्या एकूण किमतीत त्याचा वाटा लहान असतो. पशुपालनामुळे होणाऱ्या उत्सर्जनाचा बोजा किमतीच्या प्रमाणात वाटला तर चामड्याच्या वाट्याला थोडा येतो. वजनाच्या प्रमाणात वाटला तर बराच येतो. चामड्याच्या कार्बन हिशेबाचे परस्परविरोधी आकडे आढळतात त्याचे एक मोठे कारण हे वाटप आहे. दोन्ही बाजू मोजमाप बरोबर करूनही भांडू शकतात. न कमावलेली कातडी शेवटी जमिनीत पुरावी किंवा जाळावी लागतात, हेही हिशेबात धरले पाहिजे.

नकली चामडे बहुधा कापडावर पीव्हीसी किंवा पॉलियुरेथेनचा थर देऊन करतात. पॉलियुरेथेनच्या जुन्या पद्धतीत डायमिथाइल फॉर्मामाइड हे यकृताला अपायकारक द्रावक लागते. पाण्यावर आधारित पद्धतीत ते टळते. अननसाची पाने, निवडुंग, सफरचंदाचा चोथा अशांपासून केलेल्या साहित्यातही बहुधा पॉलिमरचा थर किंवा बांधणारा पदार्थ असतोच. बुरशीच्या तंतूंपासूनचे साहित्य आशादायक आहे, पण मोठ्या प्रमाणावर, परवडेल असे उत्पादन त्याला अजून जड जाते. या सगळ्यांना तोच प्रश्न विचारावा लागतो आणि त्याच्या जोडीला आणखी एक: ही वस्तू टिकते किती दिवस? दोन वर्षांत सोलून निघणारा वरचा थर दुरुस्त करता येत नाही.

बुटाच्या कारखान्यात

जगात दरवर्षी दोन हजार कोटींहून अधिक जोड पादत्राणे तयार होतात आणि त्यांतील बहुसंख्य चामड्याची नसतात. त्यामुळे टॅनऱ्या कितीही सुधारल्या तरी पादत्राणांचा प्रश्न निम्माही सुटत नाही. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनी २०१३ मध्ये धावण्याच्या एका कृत्रिम बुटाच्या जोडीचा हिशेब मांडला. त्या जोडीत ६५ सुटे भाग होते, ते घडवायला आणि जोडायला ३६० कृती लागत होत्या आणि एकूण उत्सर्जन सुमारे १४ किलो कार्बन डायऑक्साइडइतके होते. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की त्यातील सुमारे दोन तृतीयांश उत्सर्जन कच्च्या मालातून येत नव्हते. ते घडवण्याच्या कामातून, म्हणजे लहान लहान भाग साच्यात तापवणे, दाबणे, वाळवणे यांतून येत होते. म्हणून भागांची संख्या कमी करणे आणि कारखान्याची वीज व वाफ कोळशावरून हटवणे हे दोन उपाय, साहित्य बदलण्यापेक्षा कमी आकर्षक असले तरी, अधिक परिणामकारक ठरतात. वरचा भाग तुकडे कापून शिवण्याऐवजी एकसंध विणला तर भागही कमी होतात आणि कातरणही.

कातरणीचा प्रश्न चामड्यात अधिक बिकट आहे, कारण कातडे आयताकृती नसते आणि त्यावर ओरखडे, डाग, गोचिडीच्या खुणा असतात. संगणकाच्या साहाय्याने साचे जवळजवळ बसवता येतात. त्याहून मोठा फायदा मात्र पसंती बदलल्याने होईल: बारीक खुणा असलेले चामडे दुय्यम न मानता तसेच वापरले, तर कापण्यात टाकून द्यावे लागणारे चामडे घटते आणि डाग झाकण्यासाठी दिला जाणारा प्लास्टिकसारखा जाड थरही लागत नाही.

चिकट द्रावांचा इतिहास दुःखद आहे. विसाव्या शतकात बुटांच्या कामात बेंझिनयुक्त द्राव वापरले जात. इस्तंबूलच्या बूट कामगारांत आढळलेला रक्ताचा कर्करोग त्यामुळेच असल्याचे १९७० च्या दशकात स्पष्ट झाले. बेंझिन गेले आणि काही ठिकाणी त्याच्या जागी हेक्झेन आले. तेव्हा जपान आणि इटली येथील कामगारांच्या हातापायांच्या नसा निकामी होऊ लागल्या. एक विष काढून दुसरे आणू नये, हा धडा या धंद्याने फार महाग शिकला. आज पाण्यावर आधारित पॉलियुरेथेनचे द्राव आणि उष्णतेने वितळणारे घन गोंद उपलब्ध आहेत. पाण्याचा द्राव वाळायला वेळ आणि उष्णता जास्त लागते, पृष्ठभाग अधिक स्वच्छ हवा असतो आणि कारागिराला हात बसवावा लागतो. म्हणून मोठ्या कारखान्यांत हा बदल वेगाने झाला आणि लहान, बंदिस्त खोल्यांतील कामात सर्वांत कमी, जिथे त्याची गरज सर्वांत जास्त होती. पाणी न लागण्यासाठी चामड्यावर देतात त्या फ्लोरिनयुक्त रसायनांचेही असेच आहे. त्यांपैकी पीएफओए हे २०१९ मध्ये स्टॉकहोम कराराच्या प्रतिबंधित यादीत गेले, परंतु त्याच कुळातील पर्याय वापरण्यापेक्षा मेण किंवा सिलिकॉन पुरेसे आहे का हे आधी पाहणे शहाणपणाचे.

गोंदाचा आणखी एक परिणाम बूट फाटल्यावर कळतो. चिकटवलेला तळवा झिजला की बहुधा सगळा जोड टाकून द्यावा लागतो. पट्टी शिवून त्यावर तळवा शिवलेला बूट मात्र पुन्हा पुन्हा नव्या तळव्यावर चालवता येतो. टाकलेल्या जोडांचे पुनर्चक्रीकरण अवघड आहे, कारण चामडे, रबर, फोम, कापड आणि नाडीच्या भोकांची धातूची कडी एकमेकांना घट्ट चिकटलेले असतात आणि यंत्रात भरडले तरी शुद्ध साहित्य क्वचित मिळते. आदिदास कंपनीने २०१९ मध्ये एकाच प्रकारच्या पॉलियुरेथेनपासून, गोंद न वापरता केलेला बूट सादर केला. तो वितळवून पुन्हा वापरावा अशी त्यामागची कल्पना होती. चामड्याच्या बुटाला हा मार्ग नाही, कारण चामडे वितळत नाही.

येथे क्रोमियमचा हिशेब पुन्हा उघडावा लागतो. ड्रममधले ९५ टक्के क्रोमियम कातड्यात बसवले, हे टॅनरीचे यश. पण ते ९५ टक्के नाहीसे झालेले नसते, ते बुटात बसून टॅनरीच्या दाराबाहेर गेलेले असते. जुना बूट किंवा कातरण उघड्यावर किंवा भट्टीत भरपूर हवेत जाळले तर राखेतील काही क्रोमियम सहा संयुजेचे होऊ शकते, आणि ती राख पावसात भिजली की ते पाण्यात उतरते. तेच चामडे ऑक्सिजन अगदी कमी ठेवून नियंत्रित तापमानाला कोळशासारखे केले तर क्रोमियम तीन संयुजेच्या रूपात राहते आणि परत मिळवता येते. टॅनरीच्या नळाला मापक असतो, नमुना घेणारा निरीक्षक असतो. फेकलेल्या जोडाच्या बाबतीत यातले काहीच नसते. पादत्राणे परत गोळा करून क्रोम-चामडे वेगळे काढण्याची व्यवस्था जोपर्यंत उभी राहत नाही, तोपर्यंत टॅनरीच्या वहीत जमेला दाखवलेले क्रोमियम कचऱ्याच्या ढिगात थेंबाथेंबाने खर्ची पडत राहील.